बाटलीतलं विरजण

गिऱ्हाइकाने निगेटिव्हचं पाकीट पुढे केलं की वहिनी हल्ली म्हणायच्या, “ठेवा तिथे काउंटरवर.” पूर्वी असं नव्हतं. पूर्वी त्या पाकीट जवळजवळ हिसकावूनच घ्यायच्या, तिथल्या तिथे निगेटिव्ह दारातल्या उजेडापुढे धरायच्या आणि नवरदेव एवढा का घाबरलाय, पोरगं कुणावर गेलंय, असं काहीबाही बोलून आलेल्या माणसाला हसवून सोडायच्या. आता हात सदा काउंटरच्या खाली. बोलणंही तिथेच कुठेतरी जाऊन बसल्यासारखं. समोरच्या शिंप्याला वाटलं, नवरा-बायकोचं बिनसलंय. शिंप्याच्या बायकोला वाटलं, काहीतरी भाजलंबिजलं असणार. दोघांनी यावर दुपारभर वाद घातला आणि शेवटी दोघांचंही चुकलंच.

वहिनींच्या बोटांच्या बेचक्यांत आधी मोहरीएवढं पुरळ उठलं होतं. मग त्याचे पाणी धरलेले फोड झाले. फोड फुटले, कातडी सोलली, आणि खाली जी ओली लाल जागा उरली तिला चिरा पडल्या. बरणीचं झाकण फिरवायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. खाज अशी की हात खरखरीत भिंतीवर घासावेसे वाटायचे, आणि एकदोनदा त्यांनी ते घासलेही होते.

दुकान पुढून फ्रेमवाल्याचं. फ्रेमवाला म्हणजे वहिनींचा नवरा. पट्ट्या कापणं, काच बसवणं, खिळे ठोकणं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारणं ही त्याची कामं. शेवटचं सगळ्यांत मन लावून. मागे काळा पडदा, पडद्यामागे दार, दारामागे डार्करूम. बिनखिडकीची खोली, पूर्वी कोठीची असावी. एका कोपऱ्यात मोरी आणि नळ, भिंतीलगत लांब फळी आणि फळीवर तीन ट्रे. पहिल्यात डेव्हलपर, ज्यात कोऱ्या कागदावर चित्र उमटतं. मधल्यात ते थांबवणारं आंबट पाणी. शेवटच्यात ते पक्कं करणारा हायपो. वर एक लाल दिवा. काळेपांढरे फोटो अजून हाताने छापून देणारी जागा आसपास एवढीच उरली होती, आणि जाणकार माणसं लांबून वाट वाकडी करून तिथे यायची.

डार्करूम मुळात सासऱ्यांची. गल्लीत त्यांना अंधारराव म्हणत, तोंडावरसुद्धा म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. जन्म त्या खोलीत गेलेला. बाहेर आले की घुबडासारखे डोळे मिचकावत उभे राहायचे. मुलगा हाताशी येईल असं वाटलं होतं, पण फ्रेमवाला अंधारात गेला की पेंगायचा. “हा पोटी आला तेव्हा दिवा चालू राहिला असणार,” असं अंधारराव चारचौघांत म्हणायचे आणि सासूबाई पदार्थ करपल्याचं निमित्त काढून आत पळायच्या.

लग्न होऊन आल्यावर वहिनी एकदा सासऱ्यांना जेवायला बोलवायला आत गेल्या. अंधारराव वर न बघता म्हणाले, दार लाव, इकडे ये, आणि बोटं घाल ह्यात. ट्रेमध्ये कुणा बाईचा फोटो वर येत होता आणि तिचा एक गाल मागे रेंगाळला होता. चोळ तिथे, ते म्हणाले, बोटांची ऊब लागली की येईल. वहिनींनी चोळलं आणि त्यांच्या बोटांखाली तो गाल भरत गेला. सासूबाई बाहेरून हाका मारत राहिल्या, आतून दोघांपैकी कुणी ओ दिली नाही. त्या दिवशी सगळ्यांनीच गार जेवण जेवलं.

तोच पुढे वहिनींचा हात झाला. बाकीचे चिमट्याने कागद हलवतात, वहिनी बोटांनी. कपाळ मागे पडलं तर अंगठ्याने, डोळ्याखालची सावली हवी तर करंगळीच्या टोकाने. सासऱ्यांनी पुढे काम सोडलं, गुडघे गेले, तरी त्यांचं स्टूल आतच राहिलं. त्यावर बसून ते वासावरून सांगायचे, डेव्हलपर दमला.

डेव्हलपर दमला की लोक तो मोरीत ओततात आणि नवा करतात. अंधारराव सगळा कधीच ओतत नसत. दमलेल्यातला थोडा फडक्यातून गाळून तपकिरी बाटलीत ठेवायचा, आणि नवा केला की त्यात कपभर घालायचा. त्याला ते विरजण म्हणत. छापलेल्या कागदांतून सुटलेलं ब्रोमाइड त्या जुन्या पाण्यात साठून राहतं. त्याने काळा रंग दमाने येतो आणि निळसर न होता उबदार तपकिरीकडे झुकतो. ही बाटली कधी रिकामी झाली नव्हती. माझ्या मुलापेक्षा ती मोठी आहे, अंधारराव सांगायचे, आणि तिने मला त्याच्यापेक्षा त्रास कमी दिला.

हात चिघळले तेव्हा वहिनींनी आधी साबण बदलला. मग हायपोला शिव्या घातल्या. मग भांड्यांच्या पावडरीवर संशय आला, म्हणून फ्रेमवाल्याने भांडी घासायला घेतली आणि आपण भांडी घासतो हे गल्लीभर सांगत सुटला. हात काही ऐकेनात. शेवटी कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी वहिनींच्या पाठीवर कामातल्या एकेका रसायनाची टिकली चिकटवली आणि दोन दिवसांनी बोलावलं. बाकी सगळ्या टिकल्यांखालची पाठ साफ. एकीखाली मात्र गांधील चावल्यासारखं सुजलेलं. ती मेटॉलची टिकली होती.

मेटॉल म्हणजे घरच्या डेव्हलपरमधला मुख्य गडी. चित्र सुरू करतो तो मेटॉल, गडद करतो तो हायड्रोक्विनोन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एक दिवस कातडी डूख धरते. एकदा धरला की सोडत नाही. यापुढे एक थेंबसुद्धा नको. नाहीतर हे हातांवरून डोळ्यांवर येईल, चेहऱ्यावर येईल. ते टाळता येत नसेल तर कामच सोडा.

काम सोडा, हे सांगायला सोपं. पण त्या घरात वहिनींची म्हणावी अशी तेवढीच जागा होती. स्वयंपाकघरात कुणीही यायचं, दुकानात कुणीही यायचं, न्हाणीघराचंसुद्धा दार कुणी ना कुणी ठोकायचं. डार्करूमचं दार एकदा लागलं की बाहेरून उघडायची कुणाची टाप नव्हती. उघडलं तर कागद काळे पडायचे. पाव्हणे आले, दूध उतू गेलं, नवरा रुसला, तरी वहिनी आत आहेत म्हटलं की आत आहेत. अशी दुसरी बाई गल्लीत नव्हती. शिंप्याची बायको उघड उघड म्हणायची, मलाही एक अंधारी खोली बांधून द्या.

संध्याकाळी जेवताना वहिनींनी मेटॉलचं सांगितलं. हात नेहमीप्रमाणे ताटाआड, डाव्या हातावर रुमाल टाकलेला. अंधाररावांनी आपले दोन्ही पंजे पुढे पसरले, उलटसुलट करून पाहिले. म्हणाले, आयुष्यभर हे त्यातच बुडलेत, ह्यांचं काय झालं?

“तुमची कातडी गेंड्याची,” फ्रेमवाला म्हणाला. “तिने डूख धरला असेल, पण तुम्हाला कळवायला तिला जमलं नसेल.”

अंधारराव हसले नाहीत. डेव्हलपरमधून मेटॉल काढणं म्हणजे भिंतीतून विटा काढून गिलावा उभा ठेवणं, असं म्हणून ते हात धुवायला उठले.

आणि वेळ तर अशी की हातात नाटकगृहाचं काम. तिथल्या जिन्यात जुन्या नटनट्यांचे मोठे फोटो लावायचे होते. खालच्या निम्म्या जिन्यातले वहिनींनी आधीच छापून दिलेले, भिंतीवर लागलेले; झाडाच्या सालीसारख्या उबदार रंगाचे. वरचे निम्मे बाकी. ते खालच्यांसारखे दिसले पाहिजेत, यावर नाटकगृहाचे मॅनेजर अडून बसले होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. एकाच जिन्यात दोन रंग म्हणजे एकाच कोटाला दोन बाह्या.

वहिनी केमिकलवाल्याकडे गेल्या. हा माणूस बोलघेवडा. म्हणाला, “वहिनी, डेव्हलपर निवडणं म्हणजे जावई निवडणं. पाकिटात सगळे चांगलेच दिसतात.” त्याने एक तयार, पातळ डेव्हलपर दिला. त्यात मेटॉल नव्हतं, पण काळा रंग असा निळा आला की जुन्या नायिकेचा फोटो पोलिसांनी काढल्यासारखा दिसायला लागला. मग त्याने ग्लायसिन दिलं. उबदार रंगासाठी ह्याच्यासारखं दुसरं नाही, असं अंधाररावांनीही कबूल केलं. पण ग्लायसिन ताजं असेल तर पिठासारखं पांढुरकं असतं आणि डब्यातून निघालं ते दळलेल्या कॉफीसारखं. किती काळ त्या दुकानात पडून होतं देव जाणे. केमिकलवाला म्हणाला, वास तर बरा येतोय.

मधे एकदा हातमोजे घालून जुनाच डेव्हलपर वापरून पाहिला. डेव्हलपर बोटांना बुळबुळीत लागतो, हायपो नाही लागत. मोज्यातून सगळंच सारखं. कागदाचे कोपरे मुडपले. आणि गाल चोळावा तर रबरातून ऊब जाईना. चेहरे सपाट आले, इस्त्री केल्यासारखे. शिवाय एका मोज्याला टाचणीएवढं भोक होतं, ते रात्री बोटाने सांगितलं.

राहिलं फेनिडोन. मेटॉलच्या जागी चिमूटभर पुरतं, आणि हातांना मानवतं. वहिनींनी मेटॉल टाळून फेनिडोनचा डेव्हलपर घरीच केला, ट्रे घासून घेतले आणि घाबरत घाबरत बोटं घातली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चिरा मिटायला लागल्या, नवी गुलाबी कातडी आली. वहिनींनी शिंप्याच्या बायकोला हाक मारून उगाचच हवापाण्याचं विचारलं. पण छपाई गारठलेली यायची. करडी, हिरवट, ताप उतरल्यावरच्या माणसासारखी. वहिनी एक फोटो घेऊन नाटकगृहात गेल्या आणि मॅनेजरांनी तो जिन्यातल्या फोटोशेजारी धरला. बराच वेळ बघून म्हणाले, “ह्या बाई वारल्यात हे मला माहीत आहे, पण फोटोत तरी त्यांना थोडं जगू द्या ना.”

त्या दुपारी अंधारराव काठी टेकत आत आले, स्टुलावर बसले आणि ट्रेवर नाक नेऊन वास घेतला. लाल दिव्यात त्यांचं डोकं उकडलेल्या अंड्यासारखं चमकत होतं. म्हणाले, तुझं दूध चांगलं आहे. पण विरजण कुठाय?

वहिनींनी कपाळाला हात लावला. डेव्हलपरची पारख करायची तर तो कोरा हवा, म्हणून त्यांनी नव्या कशातच विरजण घातलं नव्हतं. आणि पारख करता करता ते डोक्यातूनच गेलं होतं. त्यांनी फळीवरची तपकिरी बाटली काढली, कपभर ओतलं, बोटांनीच ढवळलं. पहिल्याच कागदावर चित्र वर यायला लागलं तसे दोघंही ट्रेवर वाकले. बाहेरच्या उजेडात नेऊन पाहिला, वाळवून पाहिला. सालीचा रंग. फ्रेमवाल्याने हातोडी खाली ठेवली आणि बापाला म्हणाला, तुम्ही अजून कामाचे आहात. अंधारराव म्हणाले, तू कधी होणार?

मॅनेजर खूश झाले. वरच्या जिन्याचे फोटो एकेक करून जायला लागले. वहिनी सकाळी दार लावून घ्यायच्या त्या उन्हं कलल्यावर बाहेर यायच्या. सासरे स्टुलावर, ट्रेमध्ये कुणा राजाची दाढी नाहीतर कुणा मावशीची नथ, आणि दोघांची भांडणं, की सावली अजून हवी की पुरे.

खाज परत आली ती आधी वहिनींनी खाजच मानली नाही. नवी कातडी आहे, ओढ बसत असेल. मग बेचक्यात एक फोड दिसला, तो नळाच्या गरम पाण्याच्या नावावर खपवला. मग एका सकाळी डावी पापणी सुजून डोळा मिटलेला, आणि त्या दिवशीही त्या आत गेल्या. फ्रेमवाल्याने गप्पा थांबवल्या. हे तो सहसा करत नसे. उन्हं कलताच त्याने दुकान अर्धं बंद केलं आणि बायकोला दंडाला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी हात पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, मग हे नवीन औषधही तुम्हाला सोसत नाही. आता मला दुसरं काही सांगता येत नाही, ते काम बंद करा. वहिनी म्हणाल्या, पण आधी सोसत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरं, त्यात काय काय असतं ते सगळं सांगा. वहिनींनी पाणी, सल्फाइट, हायड्रोक्विनोन, फेनिडोन, सोडा असं एका दमात सांगितलं. एवढंच? एवढंच.

“आणि ते विरजण,” फ्रेमवाला म्हणाला. त्याला डार्करूममधलं ओ की ठो कळत नव्हतं. बोलायची सवय, म्हणून बोलला.

“कसलं विरजण?”

वहिनींनी समजावून सांगितलं. बाटली, फडकं, कपभर. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे जुनंच औषध, रोज थोडं थोडं.”

“ते औषध नाही हो,” वहिनी म्हणाल्या. “ते विरजण आहे.”

म्हणाल्या आणि तोंड तसंच उघडं राहिलं. त्या बाटलीत जन्मभराचं मेटॉल होतं. फेनिडोनची चिमूट तोलताना, ट्रे घासताना, मेटॉलचा डबा घराबाहेर काढताना ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती, आणि स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याच्याही नाही. दुधात कालच्या दह्याचा चमचा घालणारी बाई त्याला कालचं दही म्हणत नाही.

परत येताना रस्त्यात फ्रेमवालाच बोलत होता, की ब्रोमाइड म्हणे वेगळं पुडीत मिळतं, आपण आणू, त्यात काय. घरी अंधारराव हेच ऐकून भडकले. पुडीतलं ब्रोमाइड म्हणजे लिंबू पिळून दही लावणं. त्या डॉक्टरीणबाईंना विरजणातलं काय कळतं. थेंबभर मेटॉलने माणूस सोलून निघतो होय? आणि ही सोलून निघत असती तर मला दिसलं नसतं? मी रोज हिच्या शेजारी बसतो. हिचे हात माझ्या डोळ्यांसमोर असतात.

वहिनींनी रुमाल काढला आणि दोन्ही हात खिडकीच्या उजेडात, त्यांच्या पुढ्यात धरले.

अंधाररावांनी पाहिलं. चिरा, सोललेल्या कडा, बेचक्यांतला तो कच्चा लाल रंग. लाल दिव्याखाली लाल रंग दिसत नाही; कागदावर लाल शाईने लिहिलेलं तिथे कोरं वाटतं. हे त्यांनीच सुनेला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. रोज शेजारी बसून त्यांनी जे हात पाहिले होते ते गुळगुळीत, पांढरे, निरोगी हात होते. त्यांनी तिची बोटं धरायला हात पुढे केला आणि मधेच थांबवला. मग आपलाच हात उलटा करून पाहिला, वास घेऊन पाहिला, आणि पाठीमागे नेला.

“मला कधी दाखवलं का नाहीस?” ते म्हणाले.

“मामंजी, दाखवले असते तर तुम्हीच मला आत येऊ दिलं नसतं.”

बाटली ओतली का, तर नाही. ती अंधाररावांनी आपल्या खोलीत नेली आणि पलंगाखाली सरकवून ठेवली. तिचं काय करायचं हे घरात कुणी विचारलं नाही. ट्रे नवे आणले. फळी सोड्याने घासून काढली. स्टूल बाहेर निघालं, कारण त्यांच्या बाह्यांना, काठीला, नखांना ते पाणी जन्माचं लागलेलं. आता ते पडद्याच्या अलीकडे बसतात, फ्रेमवाल्याच्या भुशात, आणि त्याच्या गप्पांना वैतागतात.

आत वहिनी एकट्या. नव्या डेव्हलपरला त्या रद्दी कागद पाजतात: काळे पडलेले, वाया गेलेले, त्यांतून ब्रोमाइड सुटेल आणि त्याचं त्याचं विरजण धरेल म्हणून. रंग थोडा उबदार व्हायला लागलाय. सालीचा नाही, भाजलेल्या मातीचा म्हणावा असा. मॅनेजरांनी तो पाहिला, मान तिरकी केली आणि म्हणाले, उरलेले आपण जिन्याच्या वळणापलीकडे लावू, एकदम दिसणार नाहीत. पण त्यांनाही माहीत आहे की माणसं जिना चढून वर जातातच. डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट आणखी सांगून ठेवलीय, की डूख धरलेली कातडी पुढे नव्या औषधावरही उलटू शकते. सांगता येत नाही. रोज बघायचं.

तेव्हा रोज बघतात. वहिनी सकाळी आत जायच्या आधी अंधाररावांपुढे उभ्या राहतात, ते हात पाहतात आणि जा म्हणतात किंवा आज नको म्हणतात. आज नको म्हटलं की वहिनी दिवसभर पुढे बसून फोटोमागचे पुठ्ठे कापतात, आणि त्या दिवशी त्यांच्या वाटेला कुणी जात नाही. फ्रेमवाला एकदा बापाला म्हणाला, अण्णा, तुम्हाला आताशा नीट दिसतं कुठे, डॉक्टरीणबाईंना विचारून ठरवू. अंधारराव म्हणाले, मला नीट दिसलं नाही म्हणूनच मी बघतोय.

परवा सकाळी आभाळ भरलं होतं. वरच्या जिन्यातला शेवटचा फोटो राहिलेला, निगेटिव्ह वहिनींनी आदल्या दिवशीच पुसून ठेवलेली. अंधाररावांनी उजवा हात पाहिला, डावा पाहिला, परत डावा पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी एक रेघ होती. बरी होत आलेली जुनी, की सुरू होणारी नवी, ते सांगणं कठीण.

“ती जुनीच आहे,” वहिनी म्हणाल्या.

“तू नको सांगूस.”

ते उठले. दुकानाच्या पायरीवर उजेड जरा बरा होता, तिथे त्यांनी तिला नेलं. समोर शिंप्याने मशीन थांबवलं आणि त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. वहिनी भर गल्लीत डावा हात पसरून उभ्या, अंगठा बाजूला ताणून धरलेला, आणि म्हातारा त्यावर इतका वाकलेला की त्याचा श्वास तिच्या तळहातावर लागत होता. आत फ्रेमवाल्याची हातोडी मधेच थांबली. अंधारराव बघत राहिले. त्यांनी डोळे मिटले, पुसले आणि पुन्हा बघायला लागले.